गमबूट घाला म्हणणाऱ्यांनी एकदा खाचरात उतरावे

लावणी अर्ध्यावर आली की कोकणात भाताबरोबर एक वादही दरवर्षी वर येतो. सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीतला चाळिशीचा माणूस लेप्टोस्पायरोसिसच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी लेप्टोच्या, तापाने फणफणतो. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून गोव्यात बांबोळीला पाठवला जातो आणि दोन दिवसांनी बातमी येते. लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, इथे मोठे हॉस्पिटल असते तर माणूस वाचला असता, पुढाऱ्यांनी इतकी वर्षे केले काय? दुसरी म्हणते, हॉस्पिटल काय करणार, लोकच बेफिकीर. गमबूट घालत नाहीत, फुकट दिलेल्या गोळ्या खात नाहीत, ताप अंगावर काढतात. दोन्हीकडे प्रामाणिक माणसे आहेत, आणि दोघांचीही गोष्ट माणूस दवाखान्याच्या पायरीवर आला तिथून सुरू होते. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कोकणात आजारी कोण पडतो आणि त्यातला कोण वाचतो, हे खाटांच्या संख्येवर आणि माणसाच्या शहाणपणावर ठरते त्याहून जास्त रोजावर, पाण्यावर, जमिनीवर आणि एसटीच्या वेळापत्रकावर ठरते. या गोष्टी ‘आरोग्याबाहेरच्या’ समजून आपण बाजूला ठेवतो, म्हणून वादही दर जुलैत तोच आणि तसाच होतो.

आधी त्या गमबुटांचे पाहू. लावणी कोरड्यात होत नाही. नांगराने किंवा पॉवर टिलरने दोन-तीनदा चिखलणी केलेल्या खाचरात, पोटरीपर्यंत पाय जाईल अशा गाळात, कमरेत वाकून मागे मागे सरकत रोप लावायचे असते. दिवसभरात पाय हजारो वेळा उपसावा लागतो. बुटाची नळी गाळात रुतली की तळाशी हवा शिरायला वाट राहत नाही. पाय वर येतो, बूट खालीच राहतो. जोर लावून ओढला तर तोल जाऊन माणूस लावलेल्या रोपांवर बसतो. वरून पाऊस असतोच. मांडीवरून ओघळणारे पाणी नळीत उतरते आणि तासाभरात पाय बुटातल्या खासगी डबक्यात भिजत राहतो. गोठा साफ करायला, गटार उपसायला, बांधावरून हिंडायला गमबूट उत्तम आहे. लावणीला तो बिनकामाचा आहे, आणि तो न घालणारी बाई अडाणी नाही. तिला चिखल माहीत आहे, भित्तिपत्रक लिहिणाऱ्याला माहीत नाही, इतकेच.

‘पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका’ ही दुसरी सूचना. चार-पाच दिवसांच्या लावणीनंतर चिखल्या झाल्या नाहीत असा पाय शोधून दाखवा. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, फुगते, सोलते; वर जुन्या धसकटाचे ओरखडे असतातच. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू याच वाटेने आत जातात. म्हणजे सूचना शब्दशः पाळायची तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोकणातली लावणी थांबवावी लागेल. ती थांबत नाही, कारण उतरणाऱ्यांपैकी अनेकांचे नाव सातबाऱ्यावर नसते. ज्याचे असते तो कित्येकदा विरारला किंवा डोंबिवलीला असतो. खाचरात असतात वाटेकरी, रोजाने आलेल्या बायका आणि सावडीत आलेले शेजारी.

राहिली गोळी. लावणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन, म्हणजे 100 च्या दोन कॅप्सूल. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला ती देत नाहीत. बाकी जोखमीच्या कामात असलेल्यांसाठी औषध चांगले आणि स्वस्त आहे. पण त्याचा एक स्वभाव आहे. उपाशीपोटी घेतले की मळमळते, उलटी होते. कमी पाण्याबरोबर गिळले तर अन्ननलिकेत चिकटून जळजळते. आता लावणीची सकाळ बघा. बाई सहा-साडेसहाला कोऱ्या चहावर घर सोडते, न्याहारी दहाच्या सुमारास बांधावर होते. आशाताई अकराला वाडीत येते तेव्हा दाराला कडी, ओटीवर म्हातारी. कॅप्सूल म्हातारीच्या हातात ठेवून वहीत टिकमार्क होतो. दुसऱ्या दिवशी बाई ती चहाबरोबर घेते, तासाभरात बांधावर ओकते, अर्ध्या दिवसाचा रोज जातो, आणि पुढच्या आठवड्याच्या दोन कॅप्सूल कोनाड्यात जातात. अहवालात वाटप शंभर टक्के असते, पोटात मात्र कॅप्सूल गेलेली नसते. हीच गोळी दहा वाजता बांधावर, न्याहारीनंतर, तांब्याभर पाण्याबरोबर समोर घ्यायला लावली तर निम्मी तक्रार उरणार नाही. त्यासाठी नवे औषध लागत नाही. आशाताईच्या फेरीची वेळ बदलावी लागते, आणि पावसात बांधावर हिंडण्याचा मोबदला तिला द्यावा लागतो.

आता अंगावर काढलेल्या तापाकडे. लेप्टोत पहिले तीन-चार दिवस सोन्याचे असतात. अंग मोडते, पोटऱ्या दाबल्या तर ठणकतात, डोळे लाल होतात. या टप्प्यावर साधी डॉक्सीसायक्लिन किंवा पेनिसिलीन बहुतेकांना पुरते. ते दिवस गेले की कावीळ, लघवी कमी होणे, फुप्फुसात रक्तस्राव, आणि मग डायलिसिस आणि व्हेंटिलेटर. एका बाजूला काही रुपयांच्या कॅप्सूल, दुसऱ्या बाजूला अतिदक्षता विभाग. मग ते दिवस जातात कुठे? रोज 400 रुपये धरून हिशेब करू. आजाऱ्याचा एक रोज बुडाला, सोबत जाणाऱ्याचा दुसरा. दुपारी एसटी नाही म्हणून रिक्षा ठरवली, तिचे दीडशे-दोनशे. झाले हजार. राज्य सरकारच्या आरोग्य संस्थांमध्ये 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. म्हणजे केसपेपरला शून्य आणि पोचायला हजार. उलट बाजारातला डॉक्टर शे-दोनशेत सुई मारतो, ताप उतरतो, माणूस दुपारी पुन्हा खाचरात. त्यात सावड मोडली तर आपल्या लावणीला कोणी येणार नाही ही धास्ती वेगळीच. या हिशेबाला बेफिकिरी म्हणायचे असेल तर हिशेब या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि त्या बाजूचे लोक तो सहसा मांडत नाहीत. तो महाड तालुक्यातल्या बिरवाडीचा आहे. 1976 पासून तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्र-रात्र जागून पाहिले. घाम, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी, हा क्रम त्यांनी टिपला आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून दाखवली. दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात 25-30 दगावत, ते प्रमाण एखाद-दुसऱ्यावर आले. त्या काळात महाडकरांचे उत्पन्न वाढले नव्हते, घरांच्या भिंती गुळगुळीत झाल्या नव्हत्या. गरिबी होती तिथेच होती, मृत्यू मात्र हटला. मग सामाजिक-आर्थिक कारणांचा घोशा कशाला?

हा मुद्दा मान्य करायलाच हवा. ‘सगळे गरिबीमुळे’ हे वाक्यही एक आळसच आहे. इंग्लंडमध्ये थॉमस मॅक्योन यांनी दाखवले की क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे औषध येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत होते, आणि त्याचे मोठे श्रेय त्यांनी सुधारलेल्या आहाराला दिले. पुढच्या अभ्यासकांनी त्यांना बरोबर पकडले: नगरपालिकांनी भांडून आणलेले पाणी, गटारे, घरांचे नियम यांचा वाटा त्यांनी फारच कमी धरला होता. पगार वाढला की आरोग्य आपोआप पाझरत नाही. कोणीतरी नळ घालावा लागतो, कोणीतरी गोळी शोधावी लागते.

पण बिरवाडीची गोष्ट पुन्हा एकदा नीट वाचा. गोळी चालली कारण डॉक्टर केंद्रात मुक्कामाला होता, गोळी स्वस्त होती, आणि दंश झालेला माणूस काही तासांत तिथपर्यंत आणता येत होता. यातली एक कडी काढा आणि प्राझोसिन कपाटातच राहते. दुसरे, प्राझोसिनने मरणाऱ्यांची यादी बदलली, दंश झालेल्यांची नाही. विंचू जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत, पेंढ्यात, लाकडांच्या राशीत असतो. चिरे उचलणारा, अंधारात अनवाणी लाकूड काढणारी, जमिनीवर झोपणारे पोर यांनाच तो डसतो. बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर त्याचा मुक्काम क्वचित. औषध आणि परिस्थिती यांत एकाची निवड करा असे कोणी सांगत असेल तर तो प्रश्नच खोटा मांडतो आहे.

मोठ्या हॉस्पिटलच्या मागणीलाही माझा विरोध नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांत बाई जाऊ शकते. तिथे रक्तपेढी लागते, भूलतज्ज्ञ लागतो. जमीन सुधारणा तिथे कामाची नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली हे चांगलेच झाले. पण सेवा कागदावर खुली झाली म्हणजे ती मिळाली, असे वाटणाऱ्यांनी कोकणातलाच इतिहास आठवावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्यात पाणी भरपूर होते, ठराव मंजूर होता, आणि ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल लागले. पाणी असणे आणि पाणी मिळणे यांत तेरा वर्षांचे अंतर पडले, ते काही तांत्रिक कारणाने नाही. मोफत उपचार आणि वाडीवरचा माणूस यांच्यामधले अंतर मोजायला हीच पट्टी लावावी.

‘पण कोकण गरीब आहे कुठे?’ हा पुढचा आक्षेप. कौलारू घरे, साक्षरता, आंबा-काजू, मुंबईचा पैसा. सरासरी काढली तर चित्र बरेच बरे दिसते, यात शंका नाही. मात्र 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या. मुली वाचवल्या म्हणून हे घडले असे समजून कोणी सत्कार करू नये. पुरुष मुंबईला आहेत. मागे उरली सत्तरीची म्हातारी आणि पाच कुलूपबंद घरे. मुलगा फोनवरून पैसे पाठवतो, पूर्वी मनीऑर्डर यायची. तिच्याकडे पैसे असतात, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी असते, पण महिन्याच्या शेवटी गोळ्या आणायला माणूस नसतो. दोन आठवडे गोळ्या नाहीत, गणपतीत मुलगा येतो तेव्हा आईचा डावा हात उचलत नाही. हिला दारिद्र्यरेषेच्या कुठल्या बाजूला बसवायचे?

आणि त्याच कोकणात रायगडच्या कातकरी वाड्या आहेत. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. पोराच्या लसीचे कार्ड एका तालुक्यात आणि पोर दुसऱ्यात. आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी, मासेमारीच्या बोटींवरचे परप्रांतीय खलाशी यांचे तर नाव कोणत्याच आशाताईच्या वहीत नसते, कारण वही गावच्या घरांप्रमाणे बनते आणि हे लोक बागेत किंवा बोटीवर राहतात.

शिवाय प्रश्न फक्त अतिगरिबांचा नाही. ब्रिटनमध्ये 1967 मध्ये सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. सगळे पगारदार, सगळ्यांना मोफत वैद्यकीय सेवा. तरी हुद्दा जसजसा खालचा तसतसे हृदयविकाराचे मृत्यू जास्त. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही फरक उरलाच. आपल्याकडचा आकडा त्याहून जुना आणि जास्त बोचरा आहे. 1921 मध्ये मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजार जन्मांमागे 828 अर्भके दगावल्याची नोंद आहे. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत 133. यात एक मेख आहे. गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला कोकणात गावी येत, जन्म इथे आणि मृत्यू तिथे नोंदला जाई, त्यामुळे 828 हा आकडा फुगलेला असणार. तो जसाच्या तसा घेऊ नये. पण दोन खोल्यांना 322 आणि तीन खोल्यांना 191 ही मधली पायऱ्यांची उतरण नोंदणीच्या एका चुकीने पुरती पुसली जाणे कठीण. भिंतीमागे भिंत वाढत गेली की पोरे जगत गेली.

‘हे सगळे खरे, पण गरिबी हटायला पन्नास वर्षे लागतील, तोवर काय?’ असे विचारणारे प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत नाहीत, हा माझा अनुभव. उत्तर झारखंडमध्ये मिळाले आहे. तिथल्या रेशन्स अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना सहा महिने ते वर्षभर धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. 2023 मध्ये निष्कर्ष आले: घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटले. लस नाही, नवे औषध नाही, तांदूळ आणि डाळ. गरिबी पूर्ण हटायची वाट पाहावी लागली नाही. तिची एक बाजू, ताटाची, सहा महिने भरून काढली. केंद्राची निक्षय पोषण योजना रुग्णाला महिन्याला 500 रुपये देत होती, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 देते. पण पैसे रुग्णाच्या नावे येतात, आणि ताट घरात पाच जणांत वाटले जाते. अभ्यासातला शिधा घरच्या माणसांसाठीही होता, म्हणूनच तर घरच्यांचा क्षय टळला. योजनेने त्यातली नेमकी ही गोष्ट घेतली नाही.

‘तुम्ही आरोग्यात राजकारण आणता’ असेही म्हटले जाते. ते आधीपासूनच आत आहे. 1848 मध्ये रुडॉल्फ फिर्चो या जर्मन डॉक्टरला अप्पर सायलेशियातल्या तापाच्या साथीचा तपास करायला सरकारने पाठवले, तर त्याने उपाय म्हणून शिक्षण, रस्ते आणि करांची फेररचना लिहून दिली. सरकार अर्थातच खूश झाले नाही. आपल्याकडे 1933 मध्ये अलिबागजवळ चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने जमिनी कसायचे थांबवले आणि तो संप सहा वर्षे चालला. 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती, म्हणजे खोताने कुळांच्या पिकातून वाटा घ्यायची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. एकाही आरोग्य अहवालात याचा उल्लेख सापडणार नाही. पण खोताचा वाटा गेल्यावर कणगीत किती भात उरतो, आणि तो मिरगापर्यंत पुरतो की शिमग्यालाच संपतो, यावर बाळंतिणीच्या अंगातले रक्त ठरत नव्हते असे कोणता डॉक्टर म्हणेल?

पाण्याचेही तेच. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिलमध्ये टँकर येतो, कारण जांभा पाणी धरत नाही, सड्यावरचे पाणी पऱ्या-वहाळांतून पाहता पाहता खाडीला जाते. जलजीवन मिशनचे माणशी 55 लिटर धरले तर पाच जणांच्या घराला 275 लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठरा हंडे. विहीर उताराखाली असेल तर अठरा हंडे कोणी भरत नाही. सहा-सात भरतात आणि मग कपात सुरू होते. आधी हात धुणे जाते, मग आंघोळ, आणि शेवटी बाईचे स्वतःचे पाणी पिणे. मे महिन्यातल्या मूतखड्याच्या आणि लघवीच्या जळजळीच्या तक्रारींवर भरपूर पाणी प्या असा सल्ला लिहून देणाऱ्याने हे अठरा हंडे मनात मोजावेत. नळजोडणी झालेल्या घरांचा आकडा फसवा असतो. तोटी बसली तरी योजनेचा उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, उन्हाळ्यात आटतो, आणि आकडा तोट्या मोजतो.

मग करायचे काय, तर सुरुवात फुटकळ वाटणाऱ्या गोष्टींपासून. लावणीच्या चार आठवड्यांत डॉक्सीसायक्लिन बांधावर, न्याहारीनंतर. त्याच आठवड्यांत ताप आलेल्या मजुराला रक्त तपासणीच्या दिवसाचा रोज. एका डायलिसिसच्या खर्चात असे कितीतरी रोज बसतील. प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण वेळ त्या महिन्यात संध्याकाळची, आणि परतीची एसटी त्या वेळेला जुळवलेली. बागा आणि बोटींची वेगळी वही. आणि एक फॉर्म. मातामृत्यू झाला की आपल्याकडे अन्वेषण होते: निर्णय घ्यायला उशीर झाला, पोचायला झाला, की पोचल्यावर उपचार मिळायला झाला, असे तीन उशीर तपासतात. लेप्टोच्या प्रत्येक मृत्यूला हेच लावावे. ताप कोणत्या दिवशी आला, त्या दिवशी माणूस कोणाच्या खाचरात होता, रोज किती होता, कॅप्सूल हातात दिली की तोंडात, वाडीवरून शेवटची गाडी किती वाजता सुटली. त्यात एक रकाना आणखी हवा: त्याच्या राहिलेल्या कुणग्यात पुढची लावणी कोणी केली. बायकोने केली असेल, तर त्या आठवड्याच्या दोन कॅप्सूल घेऊन आधी तिच्याकडे जावे लागेल.